खालचा सूर

बायकोच्या, सारिकाच्या पैंजणाचा तुटलेला दुवा जोडून घ्यायला प्रसेनजित खामगावातल्या चांदीच्या दुकानांच्या ओळीत उभा होता, तेव्हा खिशातला फोन थरथरला. मोठ्या बहिणीचा निरोप होता. महामायाताई लिहून कधी पाठवत नसे, बोलूनच पाठवायची. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत फळ्यावर लिहिलं, आता बोटांना सुट्टी, असं तिचं म्हणणं. त्यानं फोन कानाला लावला. "बाबू, बुलढाण्याच्या प्रोग्रामची रेकॉर्डिंग तुह्याजवळ आहे म्हणे. काजल सांगे का त्याच्यात सगळ्याइचे आवाज येगयेगळे ठेवलेले राह्यतात. माहा तेवढा काढून देशीन काय? मले एकडाव आयकाचा आहे. घाई नाही." निरोप संपला. समोर दुकानदार नळीनं फुंकर मारून ज्योत दुव्यावर धरत होता, चांदी क्षणभर लाल झाली आणि पुन्हा पांढरी पडली. प्रसेनजितनं निरोप पुन्हा ऐकला. त्यात रागाचा, संशयाचा कणसुद्धा नव्हता. असता तर बरं झालं असतं. ताईचा आवाज काढून द्यायचा म्हणजे तो तिथे असायला हवा, आणि तो तिथे नव्हता. नव्हता, कारण प्रसेनजितनं तो बंद करायला सांगितला होता.

हे नुसतं आठवलं तरी त्याचे कान तापायचे. बुलढाण्यात जिल्ह्यातल्या सगळ्या गायन पार्ट्यांची स्पर्धा होती. ह्यांची पार्टी म्हणजे ताई आणि विहारातल्या बाया, कॉलेजात शिकणारी काजल, पेटीवर सारिका आणि कीबोर्डवर प्रसेनजित. बोथ्याच्या घाटात गाडी वळणं घेत असताना ताई खिडकीशी बसून डोळे मिटून आपली ओळ घोकत होती. तिला वळणं लागायची, तरी घोकत होती. हॉलच्या मागे पडद्याआड माईकच्या वायरी जोडणाऱ्या भाऊरावाजवळ प्रसेनजित गेला आणि चहा मागावा तितक्या सहज म्हणाला, "भाऊराव, डावीकडचा शेवटचा माईक खालीच ठेवा." भाऊरावानं मान वर केली. "पूर्ण खाली? थो तं ताईचा हाय न." "हाव. पूर्ण." भाऊरावानं हयात लग्नं, मिरवणुका आणि पुढाऱ्यांची भाषणं ऐकण्यात घालवली होती, त्याला कुणी कुणाचा आवाज बंद करण्याचं नवल नव्हतं. त्यानं फक्त विचारलं, "ताईले सांगलं?" प्रसेनजित म्हणाला, "सांगतो." आणि सांगितलं नाही. मग दिवे लागले, ताई निळसर साडीत, केसात पांढरं फूल माळून त्या मुक्या माईकसमोर ताठ उभी राहिली आणि मनापासून गायली. टाळ्या पडल्या. दुसरा नंबर आला. उतरताना ती त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "बाबू, आज मले माहा आवाज आयकूच नाही आला बाप्पा." तो म्हणाला, "स्टेजवर असंच राह्यते ताई. पुढं बसलेल्याइले चांगला जाते." तिनं मान हलवली. त्याच्या तोंडून आलेलं संगीतातलं काहीही ती खरं मानायची. शिकलेला भाऊ होता ना तो.

तो शिकलेला होता आणि हेच सगळ्याचं मूळ. शाळेत संगीताच्या शिक्षकाला लोक बेकार समजतात, म्हणून त्याच्या गळ्यात आठवीच्या मराठीचे तासही बांधले होते. त्या स्पर्धेच्या काही महिने आधी तो वर्गात शिकवत होता, की काही शब्द ऐकायला एकच असतात आणि अर्थानं वेगळे. वर म्हणजे नवरदेव, वर म्हणजे मागून मिळालेलं दान, आणि वर म्हणजे पंखा लटकतो तिकडे. पोरं हसली. संध्याकाळी तो इंटरनेटवरच्या शिकवणीत बसला तर तिथला गोरा मास्तर पियानोवर होमोफनी समजावत होता. एक मुख्य चाल वर, बाकीचे आवाज तिच्याखाली, तिच्याच पावलांनी चालणारे. सूर वेगळे, पण पाऊल एक, शब्द एक. प्रसेनजितला नवल वाटलं की परक्या भाषेत अशा शब्दांना आणि अशा गाण्याला एकच नाव आहे. शब्दात ते असलं की एका आवाजाच्या पोटात दोन अर्थ राहतात, आणि गाण्यात असलं की वेगवेगळे आवाज मिळून एकच अर्थ सांगतात. त्या रात्री हे त्यानं सारिकाला जेवताना सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "भाजी घ्या, थंडी होऊन राह्यली." पण त्याच्या डोक्यात ते घुमायला लागलं. विहारात सगळे एकाच सुरात म्हणतात, सपाट, गावठी. आपण त्यात वरचा सूर आणि खालचा सूर करू. जिल्ह्यात कुणी केलं नसेल असं करू. माणसाला नवं काही सापडलं की त्याला ते आधी घरच्यांवर करून पाहावंसं वाटतं.

खरं तर ज्याला तो सपाट म्हणत होता त्यातूनच त्याला गाणं मिळालं होतं. आई गेली तेव्हा तो रांगत होता आणि ताई शाळेत जाणारी मुलगी होती. ताई त्याला पाठीशी बांधून विहारात न्यायची. वंदनेला सुरुवात करायची म्हणजे कुणीतरी आधी सूर द्यावा लागतो. पेटी नाही, काही नाही, एक बाई पहिला शब्द उचलते आणि ती जिथे उचलेल तिथे सगळे जाऊन मिळतात. तो मान आधी आजीचा होता, मग ताईचा झाला. त्यानं ताईचा आवाज कानानं ऐकण्याआधी गालानं ऐकला होता. तिच्या पाठीला गाल चिकटलेला असायचा आणि ती गायला लागली की तिच्या बरगड्या, तिची साडी, तिच्या केसांतला तेलाचा वास सगळंच गायला लागायचं. बाकीच्यांचा आवाज बाहेरून यायचा, तिचा आतून. पुढे तो पेटी शिकला, अमरावतीला परीक्षा दिल्या, त्या प्रत्येक वेळी फीचे पैसे तिच्या पगारातून आले आणि तिनं ते कधी बोलून दाखवले नाहीत. तिनं लग्न केलं नाही. का केलं नाही हे त्यानं विचारलं नाही, कारण उत्तर आपल्याला माहीत आहे अशी त्याला भीती होती.

मग ताईच्या गळ्यात गाठ निघाली. अकोल्याला ऑपरेशन झालं, गाठ साधी होती, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण आवाज पहिल्यासारखा आला नाही. वर गेला की फाटायचा, मधेच हवा सुटल्यासारखा नुसता श्वास यायचा. तरी वंदनेचा पहिला शब्द तीच उचलायची. आणि एका रविवारी प्रसेनजितनं नवा कीबोर्ड विहारात लावून पट्टी शोधली तेव्हा त्याला धक्का बसला. वर्षानुवर्षं काळी चारमध्ये उभी असलेली वंदना पार खाली, पांढरी दोनपर्यंत उतरली होती. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी कुणाला बोललं नव्हतं. जनकाबाईंसारख्या उंच, टोकदार आवाजाच्या बाईलाही ती पट्टी मुळीच सोसवत नव्हती, तिचे शब्द खाली घशात अडकत होते, तरी तीसुद्धा खालीच म्हणत होती. त्यानं जनकाबाईंना विचारलं, "मावशी, तुम्ही इतकं खाली काऊन म्हणता? तुमचा आवाज तं दबते." तिनं त्याच्याकडे असं पाहिलं जसं त्यानं पाणी ओलं का असतं असं विचारलं आहे. "काऊन म्हणजे? महामाया तथीच म्हणते न." तेव्हा त्याला वाटलं, अडाणीपणा आहे हा. एका माणसाच्या घशापायी सगळं गाणं घसरलं. आज चांदीच्या दुकानात उभं राहून त्याला वाटलं, इंटरनेटवरचा मास्तर जे तासभर पियानोवर समजावत होता ते ह्या बायांनी एकमेकींकडे न बघता करून टाकलं होतं. मुख्य चाल जाईल तिथे पावलं जातात. फक्त मुख्य चाल कोणती, हे प्रसेनजितनं चुकीचं धरलं होतं.

"सर, झालं," दुकानदार म्हणाला. प्रसेनजितनं पैंजण घेतलं, पैसे दिले की नाही हेही त्याला गाडीला किल्ली लावताना आठवेना. परत जाऊन विचारून आला. दिले होते.

काजलचा आवाज स्वच्छ होता, उंच होता, परीक्षकांना आवडेल असा. वरचा सूर तिला. ताईला त्यानं खालचा दिला, आणि देताना केवढं गोड बोलला होता! "ताई, खालचा सूर म्हणजे पाया आहे. थो नसला तं वरचा लटपटते." ताई लाजली होती. ज्या बाईनं जन्मभर सूर दिला तिच्या हातातून तो काढून घेतला जातोय हे तिला कळलं नसेल? कळलं असेल. पण ती काजलच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "म्हण व माय तू. माहं काय, मी पाया होतो." आणि तो खालचा सूर ती नव्या शिकाऊ पोरीसारखी घोकायला लागली. भांडी घासताना घोकायची, ओट्यावर तांदूळ निवडताना घोकायची. पण नवा सूर जुन्या गळ्यात बसेना. एक जागा अशी होती की ती दर वेळी तिथे डगमगायची आणि काजलचा वरचा सूरही तिच्याबरोबर डगमगायचा. पाया हलत होता, हे तर त्याचंच वाक्य. तिला बाजूला घेऊन ते सांगता आलं असतं. ताई, इथं जमत नाही, ही ओळ सोडून दे. ती रडली नसती, चिडलीही नसती. म्हणजे सांगायला काहीच आडवं येत नव्हतं, आणि तरी त्यानं माईक बंद करण्याचा मार्ग धरला. तिला दुखवायला नको म्हणून, असं तो स्वतःला समजावत आला. आज त्याला दिसलं की तिला दुखावताना आपला चेहरा तिनं पाहू नये, एवढ्याचसाठी ते होतं.

घरी आल्यावर त्यानं कॉम्प्युटर उघडला. भाऊरावानं दिलेल्या रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक माईकच्या आवाजाची स्क्रीनवर वेगळी पट्टी होती. काजलच्या पट्टीवर डोंगर-दऱ्या, बायांच्या पट्ट्यांवर झुडपं, आणि शेवटची पट्टी सरळ रेघ. त्यानं त्या रेघेचा आवाज मोठा केला, आणखी मोठा केला. काही नाही. मरण पावलेल्या माणसाची नाडी तपासावी तसं तो ते करत राहिला. मग त्याला सुचलं. सुचलं तेव्हा त्याला भीती वाटायला हवी होती, वाटला तो उत्साह. सारिकाला खालचा सूर पाठ होता, ताईला शिकवताना रोज पेटीवर तीच होती.

"हे मी नाही करत," सारिका म्हणाली. ती पैंजण पायात घालून पाहत होती, ते तिनं परत काढलं. "ताईंनी मले लेकीवानी ठेवलं. त्याईच्या आवाजाची चोरी करू काय?"

"चोरी नाही. उलट देऊन राह्यलो आपण त्याईले."

"मंग खरं काऊन नाही सांगत? माईक बंद व्हता म्हणून सांगा. बिघडला व्हता म्हणा, तेवढं खोटं चालते."

"बिघडला व्हता म्हटलं का थे भाऊरावाले विचारतीन. भाऊराव सांगून देईन."

सारिका त्याच्याकडे बघत राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली पण हा माणूस इतका घाबरट आहे हे तिला आज दिसत होतं, आणि तिला दिसतंय हे त्याला दिसत होतं. शेवटी ती उठली, दार लावून घेतलं आणि माईकसमोर बसली. एकदाच गायली. शेवटच्या ओळीत तिला हुंदका आल्यासारखा झाला आणि शब्द तोडून तिनं मधेच श्वास घेतला. "पुन्हा म्हण," तो म्हणाला. "नाही," ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात निघून गेली. तिच्या हातून तिथे एक डबा पडला, तिनं तो लगेच उचलला नाही.

मग त्यानं जे केलं ते त्याला फार छान जमलं, आणि तेच त्याला पुढे सगळ्यात जास्त बोचलं. सारिकाचा आवाज त्यानं थोडा खाली ओढला. त्यात किंचित खरखर घातली. ताई कुठे हवा सोडते हे त्याला तोंडपाठ होतं, तिथे तिथे त्यानं श्वास पेरले. एक एक जागा जुळत गेली तसा तो खुर्चीत पुढे सरकत गेला, चहा निवून गेला, बाहेर ऊन कलून भिंतीवर आलं. ताई जिथे डगमगायची ती जागा त्यानं स्वच्छ ठेवली. शेवटी डोळे मिटून ऐकलं तर ती ताईच होती, आजार उतरलेली, सुरात उभी असलेली ताई. त्याचे डोळे भरून आले. स्वतःच्या खोटेपणानं आपण रडतोय हे कळायलाही त्याला वेळ लागला. ह्या आवाजाला आता दोन बाया होत्या. एक गायलेली आणि एक न गायलेली. वर्गात त्यानं पोरांना सांगितलं होतं, दोन अर्थांपैकी कुठला धरायचा ते आजूबाजूच्या शब्दांवरून ओळखा. इथे आजूबाजूला सगळं त्यानंच रचलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तो ताईकडे गेला. दारात चिंचा वाळत घातल्या होत्या. ताई चिंचोके काढत बसली होती, त्याला पाहून तिचा चेहरा फुलला. "आला काय? मले वाटलं भुलला असशीन." तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि शाळेतल्या मुलीसारखी खुर्चीत नीट बसली. त्यानं तिच्या कानांत इयरफोन घातले. ते घालताना तिच्या गळ्यावरचा ऑपरेशनचा वण त्याच्या बोटांजवळ आला, आणि क्षणभर त्याला वाटलं, फोन बंद करावा, तिच्या पायाशी बसावं, सांगून टाकावं. आत्ता. अजून वेळ आहे. त्याचा अंगठा बटणावर होता. त्यानं ते दाबलं.

ताईनं डोळे मिटले. तिला काय ऐकू येतंय ते त्याला ऐकू येत नव्हतं, नुसता तिचा चेहरा दिसत होता. आधी तिच्या ओठांवर हसू आलं. ओठ हलायला लागले, ती मनातल्या मनात बरोबर म्हणत होती. मग ओठ थांबले. कपाळावर एक आठी आली, गेली. ती अगदी निश्चल झाली, वर्गात कुणीतरी पाठांतर करताना दुसऱ्याचं वाचून म्हणतंय हे बाईंना कळतं तेव्हा त्या होतात तशी. गाणं संपलं. "अजून एकडाव लाव," ती म्हणाली. त्यानं लावलं. ह्या वेळी तिनं डोळे उघडे ठेवले आणि सगळा वेळ ती दारातल्या चिंचांकडे बघत राहिली. बाहेरून भंगारवाल्याची आरोळी आली, शेजारी कुकरची शिट्टी झाली.

तिनं इयरफोन काढले, वायरीची नीट गुंडाळी केली आणि त्याच्या हातात दिली.

"साजरा लागला सूर," ती म्हणाली.

"हाव."

"माहाच आहे न हा, बाबू?"

हा प्रश्न तिनं त्याला अडकवायला विचारला नव्हता. पाण्यात पडलेल्याला काठी द्यावी तसा विचारला होता. नुसतं नाही म्हणायचं होतं. एक शब्द. तो लहान असता तर म्हणाला असता.

"तुहाच आहे ताई. दुसऱ्या कोणाचा राहीन?"

"बरं," ताई म्हणाली. किती साधा शब्द. लहानपणी परीक्षेचा निकाल सांगितल्यावर ती हेच म्हणायची, उशिरा घरी आल्यावर हेच, फी भरायची आहे म्हटल्यावर हेच. तोच उच्चार, तोच चढ, तोच उतार. प्रसेनजितनं कान देऊन ऐकला तरी त्याला त्यात काही फरक सापडला नाही, आणि तरी तो शब्द आधीचा नव्हता. त्यानं घाईनं चहाला नाही म्हटलं, सारिका वाट पाहत असेल म्हटलं, उठला. ताईनं थांब म्हटलं नाही. दरवेळी म्हणते.

तो उंबऱ्याबाहेर चप्पल घालत होता. ती पुन्हा चिंचांशी जाऊन बसली होती, त्याच्याकडे पाठ करून.

"बाबू," ती न वळता म्हणाली, "सारिकाले सांगजो, शेवटच्या ओळीत शब्द तोडून श्वास नको घेत जाऊ म्हणा. बाकी गळा गोड आहे तिचा. येत्या पौर्णिमेपासून विहारात सूर तिनंच देवा. मी मांगं म्हणीन."

चिंचोका ताटलीत पडल्याचा आवाज आला. मग दुसरा.

"सांगतो," प्रसेनजित म्हणाला.

शब्द तोंडातून गेला आणि मग त्याला कळलं की आवाज सारिकाचा होता हे आपण कबूल करून बसलो. ताईनं वळून पाहिलं नाही.